चार बोटं पाव

काठवट मी घासली. मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि घासताना मी गुणगुणत होते, हेही कबूल करते.

बाजाराच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ होती. आई-बाबा कांदे काढायला शेतात गेले होते. मी शेवटची परीक्षा देऊन चार दिवसांपूर्वीच घरी आले होते. शिक्षण विज्ञानाचं, विषय सूक्ष्मजीवशास्त्र, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव वाढवायचे आणि मारायचे. तीन वर्षांत मारायलाच जास्त शिकले होते. त्यामुळे कोपऱ्यात भिंतीला टेकवलेली ती लाकडी काठवट पाहिली आणि माझ्या अंगावर काटा आला. कडांवर राखाडी पापुद्रा धरलेला. तळाला पिठात लोळवलेला, लिंबाएवढा, वरून सुकून भेगाळलेला एक गोळा. आपली कणीक यात मळतात? आणि तीच आपण खातो?

गोळा कोंबड्यांना टाकला. पापुद्रा सुरीने खरवडला. मग कढत पाणी आणि धुण्याचा सोडा, तीन वेळा. उन्हात उभी केली तेव्हा लाकडाच्या रेषा मोजता याव्यात इतकी ती उजळली होती. शाबासकी मिळेल म्हणून मी उंबऱ्यातच बसून राहिले.

आई दुपारी आली. हातपाय धुतले, स्वयंपाकघरात गेली, आणि तशीच बाहेर आली.

"काठवट कुठंय?"

"उन्हात. बघ तरी कशी झालीय!"

आईने पाहिलं. जवळ जाऊन आत हात फिरवला.

"आतला गोळा?"

"कोंबड्यांना टाकला. पार वाळून गेला होता अगं."

"आणि कडांचं?"

"खरवडलं."

आई काठवटीशेजारी जमिनीवर बसली. रडली नाही, ओरडली नाही. तिने ओरडायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

"आठ वर्षं तुझे काका जे करायला बघतायत," ती म्हणाली, "ते तू अर्ध्या तासात केलंस. साबण लावून."

"सोडा," मी म्हणाले. अचूक बोलायची सवय कधीकधी फार वाईट.

तो गोळा म्हणजे आमचं खमीर होतं. आई दर बाजारी कणकेचा एक गोळा मागे ठेवायची, पुढच्या वेळी तो पाण्यात कुस्करून नव्या पिठात मिसळायची. कडांवर धरलेल्या पापुद्र्यातही तेच जीव. तिच्या घरात सूक्ष्मजीव आहेत हे मला तीन वर्षं शिकूनही कळलं नाही. मला फक्त घाण दिसली.

आता भट्टीचं सांगायला हवं. आमचं घर आणि मोठ्या काकांचं घर यांच्यामध्ये एकच अंगण, आणि अंगणाच्या मधोमध मातीची, पाठ फुगवून बसलेल्या कासवासारखी भट्टी. माती आजोबांनी आणली. तुडवली आईने आणि मोठ्या काकूने, दोघी जावांनी. भावाभावांची घरं वेगळी झाली तेव्हा सगळ्याचे दोन वाटे पडले. जमिनीचे पडले, गुरांचे पडले, कढयांचेही पडले. भट्टीचे काही पडेनात. काकांना ती जागा हवी होती, कारण त्यांच्या ट्रॅक्टरची ट्रॉली तिथे वळत नाही. वळवायची म्हणजे सात वेळा मागे-पुढे, आणि प्रत्येक वेळी एक शिवी. त्यांचं कारण अगदीच खोटं नव्हतं. पण आई म्हणाली, जागा सोडायची नाही.

शेवटी सुतारबाबांना मध्ये घातलं. ते गावात सगळ्यात वयस्कर, आणि दोन्ही घरांची दारं त्यांनीच घडवलेली. त्यांनी कागद केला. भट्टी जोवर चालते तोवर जागा धाकट्या घराची. दर बाजाराच्या दिवशी तिच्यातून पाव निघाला पाहिजे. एक बाजार चुकला की जागा थोरल्या घराची, मग त्याने काहीही करावं.

काका कागदाच्या बाबतीत फार हुशार. "विकतचं खमीर आणतील," ते म्हणाले. लिहिलं, खमीर घरात वाढवलेलं हवं. "डब्यात कोंबून उभा करतील." लिहिलं, डबा नाही, पाव भट्टीच्या उघड्या तळावर भाजायचा. "करपलेली चपटी भाकर दाखवून पाव म्हणतील." मग उंचीवर वाद झाला आणि शेवटी लिहिलं, पाव चार बोटं उंच हवा. कोणाची बोटं? सुतारबाबांची. त्यावर काका म्हणाले की सुतारबाबांच्या एका बोटाचं टोक करवतीने गेलेलं आहे. टोक गेलं तरी रुंदी तेवढीच राहते, हे त्यांना पटवण्यात एक अख्खी दुपार गेली. सुतारबाबांची चार बोटं मी नंतर पट्टीने मोजली आहेत. सात सेंटिमीटर आणि चार मिलिमीटर.

आठ वर्षांत चारशेवर बाजार झाले. आईने एकही चुकवला नाही. अंगात ताप असताना नाही, पाय मोडलेला असताना नाही. तिचे पाव निघाले की गल्लीतल्या बायका उरलेल्या धगीवर आपापली कालवणाची भांडी ठेवून जायच्या. फक्त मोठी काकू यायची नाही. काकांनी तिला वाटणीच्या दिवशीच सांगितलं होतं, तिकडे पाऊल टाकायचं नाही. त्यांच्याकडे दुकानातला पाव यायचा, कापसासारखा, दाबला की दाबलेलाच राहणारा.

काठवट अंगणात चमकत होती आणि आई तिच्याजवळ जमिनीवर बसली होती. हे काकांना त्यांच्या ओट्यावरून दिसलंच. ते आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"आज काठवटीला अगदी नवरीसारखं न्हाऊ घातलंय?" मग आईच्या चेहऱ्याकडे, मग माझ्याकडे, मग कोंबड्यांकडे पाहिलं. माणूस मठ्ठ नव्हता. हसू त्यांच्या गालांवर हळूहळू पसरत गेलं. "शास्त्रीणबाई! अगं, तुला शिकवायला मीच पाठवायला हवं होतं!"

बाबा मागून आले होते. काका त्यांच्याकडे वळले. आईशी ते सरळ कधी बोलत नसत.

"धाकट्या, तुझ्या बायकोला सांग, उगाच आठवडाभर जीव टांगायचा कशाला? आजच मोकळं करा. मी मागच्या दारी तुम्हाला चांगली विटांची चूल बांधून देतो."

"चूल आहे माझ्याकडे," आई म्हणाली.

"खमीर नाही ना पण."

"बाजाराला सहा दिवस आहेत, भाऊजी."

"सहा दिवसांत काय आभाळातून पडणारेय?"

"पडेल नाहीतर उगवेल. तुम्ही तुमची ट्रॉली वळवा."

ते हसत गेले. बाबांनी डोक्यावरचा टॉवेल काढून पुन्हा डोक्यावर टाकला. "जाऊ दे ना," ते म्हणाले. "दादा म्हणतोय तर..."

"काय जाऊ दे?" आई उठून उभी राहिली. "जाऊ देऊन देऊन विहिरीकडची वाट गेली. बांधावरची झाडं गेली. तुमचं 'जाऊ दे' ऐकून ऐकून माझे केस पिकले. आता ही भट्टी राहिलीय, आणि ती मी सोडत नाही. माझ्या डोळ्यांदेखत फोडतील, पण मी माझ्या हातानं देणार नाही." मग माझ्याकडे वळली. "आणि तू. मारलंस ना? आता जन्माला घाल. काय शिकवतात तिथं ते तरी कळू दे."

शिकवतात ते असं. खमिराचे जीव हवेतून यावे लागत नाहीत. ते धान्याच्या टरफलावर आधीच झोपलेले असतात. न चाळलेलं पीठ घ्यायचं, कोमट पाणी घालायचं, ऊब द्यायची आणि वाट बघायची. मी जाड दळलेलं पीठ काचेच्या बरणीत कालवलं, बरणीला पिठाच्या पातळीवर दोरा बांधला, म्हणजे किती चढलं ते कळेल. चुलीपासून दोन हातांवर थर्मामीटरने जागा शोधली. अठ्ठावीस अंश.

"हे काय?" आईने विचारलं.

"थर्मामीटर. ऊब मोजतो."

तिने कोपराची आतली बाजू बरणीला लावली. "बरोबर आहे," ती म्हणाली, थर्मामीटरला पास केल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बरणी दोऱ्याच्या दुप्पट वर आली होती. बुडबुडेच बुडबुडे. बाबा शेतातून आले, बरणीपुढे उकिडवे बसले आणि लहान मुलासारखे हसले. "झालं की! दोन दिवसांत झालं! शिकलेल्या माणसाची गोष्टच वेगळी." ते उठून सुतारबाबांना सांगायला निघालेसुद्धा.

मी बरणी घेऊन अंगणात गेले, उजेडात बघायला. मागच्या भिंतीपलीकडून आवाज आला, हळू. "वास कसला येतोय?"

काकूचा आवाज. ती भिंतीआड कपडे वाळत घालत होती. तोंड दिसत नव्हतं, फक्त दोरीवर चढणारे हात.

मी हुंगलं. "ओल्या मोज्यांसारखा."

"मग भुलू नका. उद्या मरेल ते. मरू द्या. खाऊ घालणं थांबवू नका. कच्च्या सफरचंदासारखा वास सुटला की समजायचं."

हे पुस्तकात होतं. पहिला फुगवटा चुकीच्या जीवाणूंचा असतो, ते आंबटपणा वाढला की मरतात, आणि मग खरे खमिराचे जीव जागे होतात. पण ते वाचायला मला तीन वर्षं लागली होती.

"तुम्हाला कसं माहीत, काकू?"

"त्या भट्टीची माती तुडवताना तू माझ्या कडेवर होतीस. माझ्या खांद्यावर ओकली होतीस." एक चादर दोरीवर पडली. "जा आता. हे येतील."

आईने आत विचारलं, "कोण होतं गं?"

"कोणी नाही."

"हं," आई म्हणाली. "तिला म्हणावं, मला माहितंय सगळं."

तिसऱ्या दिवशी बरणी मेली. म्हणजे पीठ खाली, पाणी वर, एक बुडबुडा नाही. मी अर्धं काढून टाकून नवीन पीठ घालायला लागले तेव्हा आईने माझा हात धरला.

"अर्धं टाकायचं? पीठ काय वाऱ्यावर आलंय?"

"गर्दी कमी करायची, आई. नाहीतर सगळेच उपाशी राहतात."

तिने हात सोडला. टाकलेलं कोंबड्यांनी खाल्लं, भांडत भांडत.

"या घरात फक्त कोंबड्या फुगणार," आई म्हणाली.

काकांनी त्या संध्याकाळी घण आणि कुदळ आणून आपल्या ओट्याच्या भिंतीला, आम्हाला नीट दिसेल असं, उभं केलं. घणाचा दांडा नवा होता. मला झोप लागेना म्हणणार नाही, कारण झोप लागली, पण स्वप्नात मी काठवट घासतच होते.

चौथा दिवसही कोरडाच गेला. बाहेर ऊन इतकं की अंगणातली माती पायाला चटके देत होती, आणि बरणीत चिखलासारखी शांतता. मी दोरा पुन्हा पुन्हा सरळ करत होते. मोजायला काही नसलं की माणूस पट्टीच पुसत बसतो.

त्या दुपारी बाबांनी ओढ्याकाठची चिकणमाती टोपलीभर आणली, तिच्यात भुसा आणि पाणी टाकून पायांनी मळली, आणि भट्टीच्या पाठीवरच्या भेगा लिंपायला बसले. एकेक भेग बोटाने उघडून साफ करायची, ओली करायची, माती दाबायची, ओल्या तळहाताने वरून फिरवायचा.

काकांनी ओट्यावरून बघितलं. "अरे धाकट्या, तीन दिवसांनी पाडायचीय ती. कशाला हात भरवतोस?"

बाबांनी मान वर केली नाही. "तीन दिवस आहेत ना अजून," ते म्हणाले.

आई दारात डाळ निवडत होती. तिचा हात सुपात थांबला. तिने बाबांच्या पाठीकडे असं पाहिलं की मी उठून आत गेले. आपण तिथे नसावं असं काही वेळा वाटतं.

पाचव्या दिवशी हवा फिरली. पहाटेच वारा सुटला, थंड आणि ओला, ढग इतके खाली आले की कौलांना टेकतील. स्वयंपाकघरात एकोणीस अंश. आणि नेमकी तेव्हाच बरणीच्या काचेवर, आतून, मला मोहरीएवढा एक बुडबुडा दिसला. मग दुसऱ्या ठिकाणी आणखी एक. जीव जागे होत होते आणि बाहेर त्यांना गारठा धरत होता. चुलीजवळ नेलं तर एका बाजूने भाजणार, दूर ठेवलं तर थंड पडणार. मी आकडे सांगत बसले, किती अंशाला किती वेगाने वाढतात.

"पुरे," आई म्हणाली. तिने बरणी घेतली, फडक्यात गुंडाळली आणि पदराखाली पोटाशी घट्ट बांधली. वर बाबांची जुनी शाल. तशीच दिवसभर फिरली. कांदे निवडले, भांडी घासली, गोठा झाडला, वाकताना मात्र गुडघ्यातून वाकायची. गल्लीतली शेजारीण म्हणाली, "अगं बाई, या वयात?" आई म्हणाली, "हो, आणि बाप कोण ते विचारू नकोस."

संध्याकाळी तिने बरणी सोडली. मी थर्मामीटर बुडवला. बत्तीस. पीठ दोऱ्याच्या वर गेलं होतं, दोन बोटं. आईने झाकण काढलं, हुंगलं आणि बरणी माझ्या नाकाखाली धरली.

कच्चं सफरचंद.

मी नाचले. आई नाचली नाही. "अशक्त आहे," ती म्हणाली. "नुकत्या जन्मलेल्या वासरासारखं. अजून चार दिवस मिळाले असते तर कोणाच्या बापाला घाबरले नसते." पण चार दिवस नव्हते. सहाव्या दिवशी तिने दोनदा खाऊ घातलं, आणि सूर्य मावळायच्या आत त्या नव्या कोऱ्या दिसणाऱ्या काठवटीत कणीक मळली. मी पाणी ओतलं, बाबांनी काठवट धरली. आई गुडघ्यांवर बसून मुठींनी कणीक रेटत होती आणि प्रत्येक रेट्याला म्हणत होती, "चढ. चढ. चढ."

बाजाराच्या दिवशी पहाटे आईने भट्टी पेटवली. सरपण जळून आतला घुमट काळ्याचा पांढरा झाला तेव्हा तिने निखारे ओढले, ओल्या फडक्याने तळ पुसला आणि ताप बघायला चिमूटभर पीठ आत फेकलं. मी आकडे मोजले, सहापर्यंत. पीठ तांबूस झालं. पाच गोळे लांब दांड्याच्या फळीवरून आत गेले. फळीवरच ते थोडे पसरले. ते मी पाहिलं, आईनेही पाहिलं. तिने भट्टीचं तोंड पत्र्याने झाकलं आणि फडकं खांद्यावर टाकून उभी राहिली.

सुतारबाबा आले. काका घण घेऊन आले आणि तो जमिनीवर टेकवून त्यावर दोन्ही हात ठेवून उभे राहिले, फोटोसाठी उभं राहावं तसे. गल्लीतली सात-आठ माणसं जमली.

पत्रा निघाला. वास आला आणि सगळे एक पाऊल पुढे सरकले. पाव सोनेरी होते, वर तडकलेले, आवाज करत होते थंड हवेत. पण बसके होते. आईने त्यातल्या त्यात उंच पाव उचलला आणि सुतारबाबांपुढे पाटावर ठेवला.

सुतारबाबांनी हात आडवा करून पावाला लावला. करंगळी पाटाला टेकलेली. त्यांनी पुन्हा लावला. दुसऱ्या बाजूने लावला. पावाचा माथा वरच्या बोटाच्या, तर्जनीच्या, मध्यावर थांबत होता.

"बाबा, लवकर," काका म्हणाले.

"थांब रे. माझी बोटं आहेत." त्यांनी तिसऱ्यांदा लावला. मग हात खाली घेतला आणि आईकडे न बघता म्हणाले, "साडेतीन."

"बरोबर मोजलंत," आई म्हणाली. आवाज अजिबात हलला नाही. मी मनात सांगत होते, सहा पूर्णांक पाच दशांश, सहा पूर्णांक पाच दशांश, जणू आकडा नीट म्हटला तर तो वाढेल.

सुतारबाबांनी पाव मोडून तोंडात टाकला, बराच वेळ चावला. "चव चांगली आहे."

"चव कागदात नाही," काका म्हणाले. "जागा माझी झाली. बोला."

"कागदाप्रमाणे," सुतारबाबा म्हणाले, "झाली."

काकांनी घण उचलला. आई भट्टीच्या तोंडासमोर उभी राहिली.

"अजून चार पाव आत आहेत. ते माझे आहेत. ते निघाल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही."

"काढ मग."

"भाजले की काढीन." आणि ती तशीच उभी राहिली, धग पाठीवर घेत. बाबा जाऊन तिच्याशेजारी उभे राहिले. मीही गेले. आम्ही तिघं एका पडत्या भट्टीपुढे रांगेत उभे होतो. हरलो होतो, पण त्या क्षणी आम्हाला हलवायला ट्रॅक्टर लागला असता.

चार पाव भाजून निघाले. आईने एकेक सावकाश काढला, उलटा करून खालून टकटक वाजवला, टोपलीत ठेवला. शेवटचा ठेवला आणि बाजूला व्हायला वळली.

"सरक, धाकटे."

सगळ्यांनी मागे पाहिलं. मोठी काकू अंगणात आली होती. आठ वर्षांत पहिल्यांदा. काखेत टोपली, टोपलीवर ओलं फडकं. तिने आईच्या हातून फळी घेतली, फडकं काढलं. तीन गोळे, तट्ट फुगलेले, ढोलाच्या कातड्यासारखे. कोणी काही बोलायच्या आत तिने ते तिन्ही भट्टीत सरकवले आणि पत्रा लावला.

"हे काय चाललंय?" काका म्हणाले.

"सुतारबाबा," काकू म्हणाली, "जागा आमची झाली ना?"

"झाली."

"म्हणजे भट्टीपण आमची."

"हो की."

"मग मी माझ्या भट्टीत माझे पाव लावलेत." ती काकांकडे वळली. "तुम्ही का उभे आहात गारठ्यात? जा, चहा ठेवलाय."

"अगं, मला ही फोडायचीय!"

"फोडा की. कोण नको म्हणतंय? आत तुमच्या बायकोची कणीक आहे, वर घण मारा. गाव बघतंय."

गाव खरंच बघत होतं. कोणीतरी खुदकन हसलं. काकांचा चेहरा भाजलेल्या विटेसारखा लाल झाला. "हे निघू देत. मग बघतो."

"हे निघाले की दुसरे लागतील. घरात दोन पराती मळून ठेवल्यात. आणि उद्यासाठी भिजवलंय. आठ वर्षं तुमचा तो कापूस खाल्लाय मी, माझी भूक खूप मोठी आहे."

"तुझ्याकडे खमीर आलं कुठून?"

"पिठाच्या डब्यामागे आहे. वाटणीच्या दिवसापासून आहे. स्वयंपाकघरात कधी पाय टाकला असतात तर दिसलं असतं."

काकांनी घण खाली ठेवला. नीट ठेवला, फेकला नाही. मग ओट्यावर जाऊन बसले आणि बऱ्याच वेळाने त्यांनी खरंच आत हाक मारून चहा मागितला. आत कोणीच नव्हतं, म्हणून स्वतः उठून घेतला.

माणसं पांगली. आई मात्र काकूकडे बघत होती, आणि त्या बघण्यात आनंद नव्हता.

"होतं तुमच्याकडे," आई म्हणाली. "आठवडाभर होतं. मी पोटाला बरणी बांधून फिरत होते तेव्हा होतं."

"होतं."

"एक गोळा दिला असता तर माझा पाव चार बोटं झाला असता."

"झाला असता," काकू म्हणाली. तिने नजर चुकवली नाही. "आणि भट्टी तुझी राहिली असती. मी भिंतीपलीकडे. पुढची आठ वर्षं कपडे वाळत घालत वास घेतला असता."

मी आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. राग होता, आणि रागाच्या खाली आणखी काही होतं, जे मोजायचं साधन माझ्याकडे नव्हतं.

"घे आता," काकूने टोपलीच्या कोपऱ्यातून एक गोळा काढला, पिठात लोळवलेला. "मूळ एकच आहे. तुझ्या काठवटीतलंच अर्धं."

आईने गोळ्याकडे पाहिलं. हुंगलासुद्धा. मग परत तिच्या हातात ठेवला.

"तुमचं तुमच्याकडे ठेवा, जाऊबाई. माझं सहा दिवसांचं आहे, अशक्त आहे, पण लपवून वाढवलेलं नाही."

"तोंड अजून तसंच आहे तुझं."

"तुमच्याच हाताखाली तयार झालं." आई वळून माझ्याकडे आली आणि बरणी माझ्या हातात दिली. "अर्धं काढ, नवीन पीठ घाल. पुढच्या बाजारी आपल्याला भट्टी लागणार आहे."

"माझी परवानगी घ्यावी लागेल," काकू मागून म्हणाली.

"मी विचारायला येणार नाही," आई म्हणाली. "मी पहाटे सरपण घेऊन येणार. तुम्हाला अडवायचं असेल तर माझ्याआधी उठा."

काकू हसली. आधी नाकातून, मग मोठ्याने. पत्र्याच्या फटीतून वास यायला लागला होता. तिने वाकून आत पाहिलं, डोळे धुराने बारीक झाले.

"डावीकडचा लवकर रंगतोय," ती म्हणाली. "धाकटे, ती बाजू कायम अशीच तापते का?"

"कायम. फिरवावा लागतो."

"मग बघत काय बसलीस? धर फळी."

आईने पदर खोचला आणि फळी हातात घेतली.